साथ येण्याआधी तीन प्रश्न

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त श्रीक्षेत्र कपिलधार येथे झालेल्या सभासद कुटुंब मेळाव्यात, सेवानिवृत्त परिचारिका असलेल्या आपल्या एका सभासद भगिनीने केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



जेवणं झालीत, बाहेर धबधबा आहे, आणि लेकरांचा अर्धा जीव तिकडेच आहे. अशा वेळी आजारपणावर भाषण ऐकायचं म्हणजे शिक्षाच. पण सचिवांनी सांगितलं, "सिस्टर, तुम्ही आरोग्यावर काहीतरी बोला, आपण ते स्मरणिकेतही छापू." बीपी, शुगर आणि गुडघे हे तीन विषय आपण रोज संध्याकाळी पार्किंगमधल्या बाकावर बोलतोच. म्हणून मी वेगळा विषय घेतला आहे. श्वासावाटे पसरणारी साथ पुन्हा आली, मग तो फ्लू असो, कोरोनाचा नवा प्रकार असो की आणखी काही, तर आपलं घर आणि आपली इमारत तयार आहे का?

तयारी म्हटलं की आपण खरेदीला निघतो. २०२० साली आपण काय केलं ते आठवा. सॅनिटायझरच्या बाटल्या, मास्कचे गठ्ठे, काढ्याची पुडकी. त्यातलं बरंचसं नंतर माळ्यावर गेलं. माझं म्हणणं असं आहे की खरेदी हा तयारीचा सोपा भाग आहे. अवघड भाग ठरवण्याचा आहे. घरातले सगळे ठणठणीत असताना तीन प्रश्नांची उत्तरं ठरवून ठेवायची. आजारी माणूस कुठे झोपणार? त्याच्याजवळ कोण जाणार? आणि आपण कुणाला सांगणार? ताप चढल्यावर हे प्रश्न निघाले की घरात नुसती गडबड होते.

थोडा मागचा इतिहास सांगते. १९१८ साली इन्फ्लुएंझाची मोठी साथ आली. आपल्या आजी-पणजी तिला 'मानमोडी' म्हणायच्या. जूनमध्ये ती मुंबईत दिसली आणि पावसाळ्याच्या शेवटी दुसऱ्या लाटेत भयंकर झाली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ माणसं गेल्याची नोंद आहे. देशभरात एक कोटीहून जास्त माणसं गेली असा अंदाज आहे. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता, माणसं आधीच अशक्त होती. तेव्हा या विषाणूवर औषध नव्हतं, लस नव्हती. शिवाय घरातले सगळे एकाच वेळी अंथरुणाला खिळायचे. पाणी पाजायला, पेज करून द्यायला उभं असणारं कुणी राहायचं नाही. परिचारिका म्हणून मला त्यातून एक गोष्ट दिसते. अशा आजारात चांगल्या शुश्रूषेवर फार काही अवलंबून असतं. आणि घरातलं एक तरी माणूस उभं राहिलं तरच शुश्रूषा होते.

आता आपल्याच काळातलं. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले पहिले कोरोना रुग्ण पुण्यात सापडले. पुढे टाळेबंदी लागली. १७ एप्रिलला राज्य सरकारने साखर कारखान्यांवर अडकलेल्या ऊसतोड कामगारांना गावी परतण्याची परवानगी दिली. आपल्या जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको. आपल्यापैकी कितीजणांचे भाऊबंद त्यात होते. किती तरी गावांनी आलेल्यांची सोय शाळेत केली, कुणी शेतातल्या आखाड्यावर राहिलं. बाहेरून आलेल्याला काही दिवस वेगळं ठेवायचं, ही गोष्ट खेड्याला जमली, कारण खेड्यात रान मोकळं होतं. आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटला आखाडा नाही.

याचा परिणाम दुसऱ्या लाटेत दिसला. मे २०२१ च्या अखेरीस राज्य सरकारने जास्त रुग्ण असलेल्या १८ जिल्ह्यांत गृहविलगीकरण बंद करायचं ठरवलं, म्हणजे रुग्णाला घरी न ठेवता कोविड केंद्रात ठेवायचं. त्या १८ जिल्ह्यांत आपला बीड जिल्हा होता. एका रुग्णामागून सगळं घर आजारी पडत होतं. मी त्या वेळी वॉर्डात होते. एकाच आडनावाचे चार-चार केसपेपर शेजारी शेजारी असायचे. सासू, सासरे, मुलगा, सून. विचारलं की उत्तर ठरलेलं, "हे घरीच होते की, बाहेर कुठं गेलेच नाहीत." घरी होते हे खरं. पण घरात कुठे होते? हॉलमध्ये, टीव्हीसमोर, सगळ्यांच्या मध्ये.

म्हणून पहिला प्रश्न : आजारी माणूस कुठे झोपणार?

आपली राहणी एकत्र आहे. या कपिलधारची यात्रा कार्तिक पौर्णिमेला भरते, मन्मथस्वामींच्या दर्शनाला लांबलांबच्या दिंड्या येतात, आणि त्या आठवड्यात आपल्या घरांतही गावाकडचे पाहुणे मुक्कामाला असतात. एका खोलीत आठ-आठ गाद्या पडतात आणि त्यातच मजा असते. आजारी माणसाला तर आपण अधिकच मधोमध घेऊन बसतो. त्याला एकटं टाकणं आपल्याला निर्दयपणा वाटतो. पण हा आजार हवेतून जातो. खोकल्यातून, शिंकेतून, नुसत्या बोलण्यातूनही बारीक थेंब बाहेर पडतात. जड थेंब खाली बसतात, अगदी बारीक कण बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. अगरबत्तीचा धूर आठवा. बंद देवघरात एक काडी लावली तरी धूर भरून राहतो, खिडकी उघडली की विरतो. साथीच्या काळात खिडकी हे असं फुकटचं औषध आहे.

तेव्हा घरातली खिडकी असलेली एक खोली आजच मनात नेमून ठेवा. दोन खोल्या असतील तर आतली रुग्णाला, बाहेरची बाकीच्यांना. रुग्णाच्या खोलीची खिडकी उघडी आणि घराकडचं दार लावलेलं. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा चालू राहू द्या, तो घरातली हवा बाहेर ढकलतो. उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरशिवाय निभत नाही. कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूला असेल तर तो ताजी हवा आत आणतो, फक्त हवा बाहेर जायला दुसरी खिडकी उघडी पाहिजे. खोलीच्या आत ठेवलेला कूलर आणि बंद खोलीतला एसी तीच हवा फिरवत राहतात, ते टाळा. कूलरचं पाणी आठवड्याला बदला, नाहीतर साथीच्या जोडीला डेंग्यू यायचा.

संडास-बाथरूम एकच असेल, आणि आपल्यापैकी अनेकांकडे एकच आहे, तर रुग्णाने शेवटी जावं आणि नंतर अर्धा तास खिडकी उघडी ठेवावी. ताट-वाटी, पांघरूण वेगळं असावं, पण भांडी फेकायची गरज नाही. साबणाने घासली की पुरे. कपडे झटकू नका, नेहमीच्या पावडरने धुऊन उन्हात वाळवा. फरशीला साधा फिनाइल किंवा ब्लीच चालतं. मात्र ब्लीच आणि संडास धुण्याचं अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

हात धुण्याचं सगळे सांगतात, पण आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही हे कुणी लक्षात घेत नाही. त्यावर साधा उपाय म्हणजे तोटी असलेला एक जुना पिंप किंवा कॅन बेसिनजवळ ठेवायचा. बारीक धार सोडून हात ओले करा, तोटी बंद करा, वीस सेकंद साबण चोळा, पुन्हा धार सोडा. तांब्यात हात बुडवून सगळ्यांनी त्याच पाण्यात धुवायचं नाही.

फार लहान घर असेल तर काय? तरीही काही करता येतं. पलंग खिडकीजवळ घ्या, पंख्याची हवा रुग्णाकडून बाहेर जाईल अशी दिशा ठेवा, झोपताना पाय एका बाजूला आणि डोकी विरुद्ध टोकांना करा. रुग्ण आणि त्याच्याजवळ जाणारा, दोघांनीही मास्क लावा. घर मोठं नसेल तर सोसायटीची मदत लागते. त्यावर मी शेवटी बोलणार आहे.

दुसरा प्रश्न : त्याच्याजवळ कोण जाणार?

याचं उत्तर बहुतेक घरांत न विचारताच ठरलेलं असतं. आई जाणार, नाहीतर सून जाणार. मग तीच स्वयंपाक करणार, तीच लेकरांना भरवणार, तीच सासऱ्यांना गोळ्या देणार आणि तीच रुग्णाच्या उशाशी बसणार. म्हणजे आजाराला घरभर फिरायला आपणच गाडी देतो. आणि ती आडवी झाली की सगळंच घर आडवं होतं. मानमोडीच्या वेळी नेमकं हेच झालं होतं.

म्हणून रुग्णाचं बघणारं माणूस एकच असावं, आणि स्वयंपाक शक्यतो दुसऱ्याने करावा. बघणारं माणूस तरुण, धडधाकट असावं, गरोदर बाई किंवा साठीच्या पुढचं कुणी नसावं, शुगर-दम्याचं कुणी नसावं. पुरुषमंडळींनो, आपल्यापैकी कितीजणांना तांदूळ-मुगाची खिचडी टाकता येते? वरण-भात? ज्वारीची आंबील? पुढच्या रविवारी एकदा करून बघा. माझ्या मते हीसुद्धा साथीची तयारीच आहे, आणि ऑक्सिमीटर विकत घेण्यापेक्षा ती अवघड आहे.

जवळ जाणाऱ्याने एन-९५ मास्क वापरावा, तो नाकावर नीट बसला पाहिजे, बाजूने हवा जायला नको. रुग्णाने साधा तीनपदरी मास्क लावला तरी चालेल. ओला झाला की बदलायचा. मास्कच्या पुढच्या भागाला हात न लावता दोरीने काढायचा. खोलीत काम आटोपून बाहेर या, उगाच तासन्‌तास बसू नका. बोलायला फोन आहेच. दाराशी बसून, अंतर ठेवून गप्पा मारा. एकटेपणाने माणूस खचतो, ते मी वॉर्डात पाहिलं आहे. त्याला वेगळं ठेवायचं, पण त्याच्याशी बोलणं तोडायचं नाही.

जाणाऱ्याच्या हातात एक वही द्या. शाळेची चाळीस पानी वही पुरते. सकाळ, दुपार, रात्र तीन वेळा लिहायचं. ताप किती, ऑक्सिजन किती, मिनिटाला श्वास किती, पाणी किती प्यालं, लघवी झाली का, कोणती गोळी किती वाजता दिली. श्वास मोजायला यंत्र लागत नाही. रुग्ण शांत पडलेला असताना पोटाकडे बघत घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचे. डॉक्टरांना फोनवर "बरं वाटत नाही हो" सांगण्यापेक्षा वही वाचून दाखवली तर त्यांना निर्णय घेता येतो.

ऑक्सिमीटर अनेकांकडे आहे, सेल संपलेला आहे. घरी गेल्यावर बघा. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसावं, नखावर मेंदी किंवा नेलपॉलिश नसावी, बोट गार नसावं. आकडा स्थिर झाल्यावर वाचावा. मोठ्या माणसाचा आकडा ९४ च्या खाली गेला तर डॉक्टरांशी लगेच बोलायचं. ९० किंवा त्याखाली असेल तर बोलत बसायचं नाही, थेट दवाखाना. ज्यांना आधीपासून फुप्फुसाचा जुना आजार आहे, त्यांनी आपला नेहमीचा आकडा किती असावा हे डॉक्टरांना आजच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहावं.

आकड्याइतकंच डोळ्यांनी बघणं महत्त्वाचं. एक वाक्य पुरं बोलताना धाप लागते, मिनिटाला २४ पेक्षा जास्त श्वास, छातीत दुखतं, ओठ निळसर पडतात, माणूस गुंगीत आहे किंवा असंबद्ध बोलतो, ताप तीन दिवसांनंतरही उतरत नाही, किंवा उतरून पुन्हा चढतो. यातलं एकही दिसलं तरी थांबू नका. म्हाताऱ्या माणसांना कधी कधी ताप येतच नाही. ती नुसती जेवत नाहीत, झोपून राहतात, काहीबाही बोलतात. "वयामुळं असेल" म्हणून सोडू नका. लहान लेकरू दूध ओढत नसेल, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर रात्रीचे दोन वाजले तरी निघा. १०८ ला फोन करा. आपल्याकडे बीडला जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं रुग्णालय आहे. कुठे जायचं, कोणत्या गाडीने जायचं, हेही आधी ठरलेलं बरं. गाडी येईपर्यंत ऑक्सिजन कमी असलेल्या माणसाला पोटावर पालथं झोपवलं तर श्वासाला थोडी मदत होते. मात्र गरोदर बाईला, हृदयाचा मोठा आजार असलेल्याला किंवा नुकतंच जेवलेल्याला तसं झोपवू नका.

आता औषधांविषयी. तापाला पॅरासिटामॉल, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर, लेकरांना वजनाप्रमाणे डॉक्टर सांगतील तेवढंच. लेकरांना अ‍ॅस्पिरिन द्यायचं नाही. पाणी, पेज, ताक, डाळीचं पाणी सतत द्या. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण घालायचं, पेल्यात चिमूट टाकायची नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हे चमचे चहाचे, भाजीचे नव्हेत. बीपी, शुगर, थायरॉइडच्या गोळ्या कायम महिनाभराच्या जास्त ठेवा. साथीत अनेकांची पंचाईत आजारापेक्षा या गोळ्या संपल्यामुळे झाली.

आणि काय करायचं नाही तेही सांगते. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या देऊ नका. स्टेरॉइड तर डॉक्टरांशिवाय मुळीच नाही. २०२१ साली म्युकरमायकोसिस, म्हणजे काळ्या बुरशीचा आजार, किती जणांना झाला ते आठवा. वाढलेली शुगर आणि स्टेरॉइडचा अति वापर ही त्याची मोठी कारणं होती. कापूर-लवंग-ओव्याची पुरचुंडी हुंगून ऑक्सिजन वाढतो, असा निरोप त्या वर्षी सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. वास बरा वाटेल, ऑक्सिजन वाढत नाही. तेवढ्या भरवशावर घरी थांबलेली माणसं आम्ही फार उशिरा पाहिली. वाफ घ्यायची तर मोठ्यांनी बेताने घ्यावी. उकळतं पातेलं लेकरांपुढे ठेवू नका, भाजण्याचा धोका फार. काढा आवडतो तर घोटभर घ्या, पण दिवसातून चार वेळा मिरी-सुंठ पोटात घालून आंबटपित्त ओढवून घेऊ नका.

लस ही खरी आगाऊ तयारी. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते. साठीच्या पुढच्यांनी, शुगर-दमा-हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारून घ्यावी. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात जोर करतो आणि पुन्हा थंडीच्या शेवटी डोकं वर काढतो. म्हणून पावसाळ्याआधी विचारणं चांगलं. न्यूमोनियाची एक लसही मोठ्यांसाठी असते. बाळांना तर न्यूमोकॉकलची लस सरकारी लसीकरणात मोफत मिळते, ती चुकवू नका.

तिसरा प्रश्न : आपण कुणाला सांगणार?

माझ्या दृष्टीने हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे. याच्यासाठीच मी बोलायला उभी राहिले.

वॉर्डात एक गृहस्थ आले होते. कोणत्या भागातले, ते सांगत नाही. पाच दिवस अंगात ताप होता. घरात गोळ्या खाऊन काढले. तपासणी केली नाही, डॉक्टरकडे गेले नाहीत. सहाव्या दिवशी आणलं तेव्हा बोलता येत नव्हतं. त्यांच्या पत्नीला मी विचारलं, "अहो, इतके दिवस थांबलात कशाला?" त्या म्हणाल्या, "सिस्टर, बिल्डिंगमध्ये कळलं असतं ना." त्यांच्या शेजारच्या इमारतीत एक रुग्ण निघाला होता. तिथल्या लोकांनी त्या घराचं दूध बंद करायला लावलं, जिन्यात बांबू बांधले, व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांची नावं फिरवली. ते पाहून या बाईंनी नवऱ्याचा ताप लपवला. ते गृहस्थ वाचले नाहीत. मी पुष्कळ मरणं पाहिली, पण "कळलं असतं ना" हे वाक्य माझ्या कानातून जात नाही.

त्या पाच दिवसांत आजार किती लोकांकडे गेला असेल याचाही विचार करा. शेजाऱ्याला घाबरून लपवलेला ताप शेवटी शेजाऱ्याच्याच घरी जातो. क्षयरोगाचंही असंच आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर बेडक्याची तपासणी करायची, सरकारी दवाखान्यात तपासणी आणि उपचार मोफत आहेत. योग्य औषधं सुरू झाल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत त्या माणसाकडून दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता फार कमी होते. तरीही लोक लपवतात. मुलीचं लग्न मोडेल म्हणून, घरमालक खोली खाली करायला सांगेल म्हणून.

त्यामुळे सोसायटी म्हणून आपली पहिली तयारी अशी पाहिजे, की आपल्या इमारतीत "मला ताप आहे" हे वाक्य न भिता बोलता आलं पाहिजे. हे सॅनिटायझरच्या फवाऱ्याने होत नाही. त्यासाठी आपण आजच ठरवलं पाहिजे की कुणी असं सांगितलं तर पुढे काय होईल. सांगितल्यावर मदत मिळणार आहे हे माहीत असेल तर माणूस सांगतो. बांबू बांधले जाणार असतील तर लपवतो.

व्यवस्थापक समितीपुढे आणि तुम्हा सगळ्यांपुढे मी काही सूचना ठेवते. पुढच्या सर्वसाधारण सभेत त्यांवर चर्चा व्हावी.

प्रत्येक जिन्याला दोन माणसं नेमावीत, एक बाई आणि एक पुरुष. आजारी घराने फक्त त्यांना कळवायचं. ते नाव ग्रुपवर टाकणार नाहीत. "तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी" असंही लिहिणार नाहीत. दूध, भाजी, औषध आणि पाण्याचा जार त्या घराच्या दाराबाहेर स्टुलावर ठेवायची व्यवस्था तेवढी करतील. कचरा वेगळ्या बांधलेल्या पिशवीत घ्यायचा, तोही आधी घंटागाडीवाल्याला सांगून.

आपल्याकडे नऊ घरांत फक्त म्हातारा-म्हातारी राहतात. मुलं पुण्याला, हैदराबादला, काहींची तर परदेशात. त्यांच्यासाठी एक यादी हवी. मुलांचे फोन, नेहमीचे डॉक्टर, चालू औषधं, घराची दुसरी किल्ली कुणाकडे. साथीच्या दिवसांत सकाळी नऊच्या आत त्यांना कुणीतरी फोन करायचा. एवढंच विचारायचं, "काका, चहा झाला का?" फोन उचलला नाही तर दार वाजवायचं.

ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांपैकी तिघांनी रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायची तयारी आधी सांगून ठेवावी. गाडीत काचा उघड्या ठेवून, मास्क लावून, रुग्णाला मागे बसवून नेता येतं.

संस्थेच्या कार्यालयाला लागून जी खोली आहे, तिथे सध्या जुने दिवे, मंडपाचं कापड आणि गणपतीचं सामान आहे. तिला दोन खिडक्या आहेत आणि शेजारी संडास आहे. ती रिकामी करून तिथे एक पलंग, एक पंखा आणि पाण्याचा पिंप ठेवला तर एका खोलीत पाचजण राहणाऱ्या कुटुंबाला तो आखाडा होईल. खर्च फार नाही. मनाचा मोठेपणा तेवढा लागेल, कारण खालच्या मजल्यावरचे सभासद आधी नाही म्हणतील. त्यांना समजवायचं की उघड्या खिडकीची वेगळी खोली ही बंद फ्लॅटमध्ये लपवलेल्या तापापेक्षा त्यांच्यासाठीही जास्त सुरक्षित आहे.

आणि शेवटची सूचना. आपला वॉचमन, जिना झाडणाऱ्या मावशी, घरोघरी भांडी करणाऱ्या बाया, ही माणसं रोज दहा घरांत जातात. त्यांना ताप आला तर ती कामावर येतात, कारण खाडा झाला की पैसे कापले जातात. आजारी असताना सुट्टी घेतली तर पगार कापायचा नाही, असा ठराव आपण करू या. ही दया नव्हे. त्यांनी घरी राहणं आपल्याही फायद्याचं आहे, आणि ते त्यांच्या पोटाला चिमटा काढून होणार नाही.

बंधू-भगिनींनो, पंचवीस वर्षांत आपण या सोसायटीत पाण्याच्या टाकीसाठी भांडलो, पार्किंगसाठी भांडलो, देखभाल खर्चासाठी तर दर मार्चला भांडतो. पण कुणाच्या घरी मयत झाली तर चूल पेटू न देता पिठलं-भाकरी पोहोचवणारी माणसंही आपणच आहोत. दुःखात जे आपण न सांगता करतो, तेच आजारपणात ठरवून करायचं आहे.

घरी गेल्यावर आज रात्री एक काम करा. सगळे जेवायला एकत्र बसाल तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर तीन ओळी लिहा. कोणती खोली. कोणतं माणूस. कुणाला फोन. लेकरांनाच लिहायला सांगा, त्यांचं अक्षर चांगलं असतं आणि त्यांना लक्षात राहतं. घरात वाद होईल, होऊ द्या. आज, सगळे बरे असताना झालेला वाद परवडतो.

मुलांनो, आता धबधब्याकडे जायला हरकत नाही, पण दगडावर शेवाळ आहे, मोठ्यांचा हात धरून जा.